हुबेहूब पूल

निवृत्तीनंतरच्या सहाव्या वर्षी तपासनीसांनी काँक्रीट म्हातारं करायला घेतलं.

हे काँक्रीट प्लास्टर ऑफ पॅरिसचं होतं, आणि ते ज्या पुलाला लागायचं होतं तो पूल जेवणाच्या टेबलावर मावत होता. लेकीचं लग्न होऊन ती परगावी गेली, तशी तिच्या खोलीत तपासनीसांची छोटी रेल्वे आली. आधी एक रूळ, मग स्टेशन, मग सिग्नल, मग मालगाडीचे चौदा डबे. लेक सुट्टीला आली की तिचं अंथरूण मालधक्क्याच्या खाली पडायचं. आता खोलीत एकच गोष्ट व्हायची राहिली होती. रुळांवरून मोटारी नेणारा उड्डाणपूल. तोही आपल्याच गावातला, स्टेशनाला लागून असलेला, मूळ मापाच्या सत्त्याऐंशीव्या भागाचा.

हाच पूल का, असं कुणी विचारलं की तपासनीस म्हणायचे, "तो मला पाठ आहे."

ते खरंही होतं. एकतीस वर्षं त्यांनी बांधकाम खात्यात पूल तपासले होते. हातोडीने खांब ठोकायचे, कान लावून आवाज ऐकायचा, भेगा मोजायच्या आणि छापील फॉर्म भरायचा. फॉर्मच्या शेवटी 'सर्वसाधारण स्थिती' असा एक रकाना असे. नोकरीच्या सुरुवातीला एका पुलापुढे त्यांनी तिथे 'चिंताजनक' असं लिहिलं होतं. साहेबांनी लगेच केबिनमध्ये बोलावलं.

"चिंता कुणाला वाटतेय? तुम्हाला की पुलाला?"

"मला, साहेब."

"मग पुलाच्या फॉर्मवर कशाला लिहिता? रजेचा अर्ज करा."

तपासनीसांनी रजा घेतली नाही, फॉर्म बदलून दिला. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत त्या रकान्यात 'समाधानकारक' सोडून दुसरा शब्द उमटला नाही. यथावकाश साहेब मुख्य अभियंता झाले आणि तपासनीस निवृत्त झाले. दोघांचंही समाधान झालं, असं निरोप समारंभातल्या भाषणात साहेब म्हणाले.

आता मात्र तपासनीसांना पूल जसा आहे तसाच हवा होता. आइस्क्रीमच्या काड्या ओळीने चिकटवून त्यांनी साचा केला आणि त्यात प्लास्टर ओतलं. सुकून निघालं तेव्हा सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे काँक्रीटवर उठतात, अगदी तसे उठले होते. इथवर छान जमलं. मग त्यांनी राखाडी रंग दिला, वर पातळ केलेली काळी शाई फिरवली आणि बायकोला हाक मारली.

बायको हात पुसत आली. तिने पूल एका बाजूने पाहिला, दुसऱ्या बाजूने पाहिला.

"चहा सांडला का हो कुणाचा यावर?"

"अगं, तो जुनेपणा आहे. पावसापाण्याचा परिणाम."

"असा नसतो डाग."

"मग कसा असतो?"

"एवढी वर्षं न्हाणीघर घासलंय मी, मला विचारताय? डाग नळाच्या तोंडाशी गडद असतो आणि खाली येता येता फिका होत जातो. तुम्ही सगळीकडे सारखाच फासलाय. आधी पाणी येतं कुठून ते बघा. मग ते कुठे थांबतं ते बघा. डाग त्याचा तो पडेल."

एकतीस वर्षांच्या नोकरीत पाण्याबद्दल इतकं नेमकं तपासनीसांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने पूल नळाखाली धरला, शाई धुऊन काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन खऱ्या पुलाखाली गेले.

तिसऱ्या खांबाशी सायकलवाल्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पेटी, एक स्टूल, पाण्याची परात आणि खांबाला साखळीने बांधलेला हवा भरायचा पंप. डोक्यावर पूल असल्याने छताची गरज नव्हती. सायकलवाला तपासनीसांना वर्षानुवर्षं ओळखत होता. पूर्वी ते हातोडी घेऊन यायचे, आता वही घेऊन आले, एवढाच काय तो फरक.

"साहेब, परत नोकरी धरली?"

"नाही हो. छोटा पूल करतोय घरी. त्याला डाग द्यायचेत."

सायकलवाल्याने पान्याला ग्रीस लावता लावता त्यांच्याकडे पाहिलं. मोठी माणसं निवृत्त झाली की काय काय करतात हे त्याने ऐकलं होतं, पण हे नवीन होतं. तरी त्याने मनापासून मदत केली. खांबाच्या डोक्याशी पत्र्याचा डबा टांगलेला होता, तो दाखवला. "इथून गळतं. आधी महिन्यातून एकदा डबा रिकामा करायचो, आता आठवड्याला करतो. पाऊस नसला तरी येतं कुठून तरी." मग त्याने कुठल्या कोपऱ्यात शेवाळ कायम ओलं असतं ते दाखवलं, कुठे पोपडे सुटून सळई उघडी पडलीय ते दाखवलं, आणि लोणा फुटून जिथे पांढरी दाढी लोंबत होती तीही दाखवली. तपासनीसांनी अठरा पानं भरली.

पुढचे चार महिने घराला व्हिनेगरचा वास होता. भांडी घासायची तारेची घासणी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की आठवडाभरात अस्सल गंजाचं पाणी तयार होतं. ते सळईच्या टोकाशी थेंबभर ठेवायचं आणि ओल्या ब्रशने खाली ओढायचं. खडूची पूड केली की झाला लोणा. जुन्या स्पंजचा हिरवा चुरा सावलीच्या बाजूला चिकटवला की झालं शेवाळ, उन्हाच्या बाजूला एक कण चिकटवायचा नाही. मोटारींच्या धुराची काजळी कठड्याच्या आतल्या अंगाला लागते, बाहेरच्या नाही. बायकोने आपला भुवयांचा जुना ब्रश दिला आणि रोज दुपारी येऊन शेरे मारले. "हा डाग हवेत सुरू झालाय, याला वर भोक दाखवा." "हे शेवाळ फार तजेलदार दिसतंय, काय खायला घालता?" तपासनीस दुरुस्त करत गेले.

तिसऱ्या खांबाच्या डोक्यावरची भेग त्यांनी शेवटी केली. प्लास्टरचा तुकडा अर्धवट ओला असताना सुई टेकवली आणि तिरकी ओढत खाली आणली, मध्ये एके ठिकाणी दुभंगवली. त्या एका भेगेसाठी त्यांना वही उघडावी लागली नाही.

गावातल्या लघुरेल्वे मंडळाचं वार्षिक प्रदर्शन शाळेच्या सभागृहात भरलं. मंडळाचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर होते. आपल्या गाडीच्या इंजिनातली घाण ते दात साफ करायच्या आकड्यानेच काढत, आणि सदस्यांशी बोलतानाही 'जरा मोठं उघडा' अशा सुरात बोलत. मंडळाची नियमावली त्यांनीच लिहिली होती. तिच्यात सातवा नियम असा होता की, खऱ्या जागेची प्रतिकृती असेल तर ती त्या जागेशी हुबेहूब जुळली पाहिजे. जुळली नाही तर ते खेळणं समजण्यात येईल. खेळणं हा मंडळातला सर्वांत जहाल अपशब्द होता.

त्या वर्षी तपासनीसांच्या टेबलाभोवती गर्दी हटेना. इतरांचे धबधबे होते, बोगदे होते, धूर सोडणारी इंजिनं होती. पण लोक येत ते पुलाशी थांबत.

"अगं बाई, हा तर आपला पूल!" एक नर्स मैत्रिणीला म्हणाली. "ही बघ, ही सळई. हिच्यात माझी ओढणी अडकली होती."

"आणि हा डबा! सायकलवाल्याचा डबा!"

अध्यक्षांनी भिंग लावून पूल तपासला, एक दीर्घ श्वास सोडला आणि पहिलं बक्षीस जाहीर केलं. बक्षीस द्यायला प्रमुख पाहुणे म्हणून मुख्य अभियंता आले होते. ते हसतमुखाने टेबलाशी आले, चषक हातात घेतला, फोटोसाठी वळले, आणि वळता वळता त्यांची नजर तिसऱ्या खांबावर पडली. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण आतून त्याचा आधार गेला होता.

"कल्पनाशक्ती चांगली आहे तुमची," ते तपासनीसांना म्हणाले.

"कल्पना काहीच नाही, साहेब. मोजून केलंय सगळं."

हे वाक्य शेजारी उभ्या असलेल्या वार्ताहराने लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी पेपरात पुलाचा फोटो होता. छोट्या पुलाचा. खाली बातमी होती: 'मोजून केलंय सगळं.'

चौथ्या दिवशी खात्याचं पत्र आलं. 'आपण सार्वजनिक ठिकाणी प्रदर्शित केलेल्या प्रतिकृतीमध्ये एकूण त्रेचाळीस तडे, सहा ठिकाणी उघड्या सळया व एक डबा आढळून आला. कार्यालयीन नोंदीनुसार सदर पुलाची स्थिती समाधानकारक आहे. सबब प्रतिकृती नोंदीशी विसंगत असल्याने तिची पाहणी करण्यासाठी त्रिसदस्यीय समिती आपल्या निवासस्थानी येईल. त्या वेळी प्रतिकृतीसह उपस्थित राहावे.'

"माझ्या घरी येणार?" बायको म्हणाली. "पुलाकडे जायला रस्ता सापडत नाही का त्यांना?"

समिती आली. एक उपअभियंता, एक नोंदी ठेवणारे कारकून आणि एक कनिष्ठ अभियंता, नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी. उपअभियंत्यांनी पुलाजवळ जाताना सवयीने हेल्मेट घातलं. ते बायकोने पाहिलं आणि ती चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन हसून आली. कारकुनाने जमिनीवर फाइल पसरली. उपअभियंत्यांनी तिसऱ्या खांबाच्या भेगेला बारीक पट्टी लावली.

"रुंदी शून्य पूर्णांक दोन मिलीमीटर. गुणिले सत्त्याऐंशी." त्यांनी कॅल्क्युलेटर दाबला. "सतरा पूर्णांक चार मिलीमीटर! अहो, सतरा मिलीमीटरची भेग असती तर पूल कधीच पडला असता."

"खरी भेग तीन मिलीमीटरची आहे," तपासनीस म्हणाले. "तेवढी बारीक सुईने पाडता येत नाही."

"म्हणजे अतिशयोक्ती केलीत."

"सुई जाड होती."

"लिहा," उपअभियंता कारकुनाला म्हणाले, "प्रतिकृतीकाराने अतिशयोक्तीची कबुली दिली."

कनिष्ठ अभियंता तोवर गुडघ्यावर बसून खांबाखालून वर बघत होती. तिने काहीही मोजलं नव्हतं. इतर दोघे चहा घ्यायला बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "काका, ही भेग वरून खाली जाताना मध्ये फुटलीय. ही मनाने काढता येत नाही. तुम्ही कधी पाहिलीत?"

तपासनीस रुळांकडे वळले. मालगाडीचा एक डबा रुळावरून किंचित उतरला होता, तो बसवत राहिले.

समितीचा अहवाल दोन पानी होता. प्रतिकृती दिशाभूल करणारी आहे. मूळ पूल समाधानकारक आहे. तरीही जनतेच्या मनातला संभ्रम दूर करण्यासाठी पूल रंगवून घ्यावा. आयुष्यात पहिल्यांदाच खात्याचं एखादं काम मुदतीआधी झालं. चार दिवसांत पूल गुळगुळीत राखाडी झाला. भेगांत पुट्टी भरली, लोणा खरवडला, सळयांवर सिमेंटचा लपका मारला, आणि डबा काढून नेला. सायकलवाल्याने हरकत घेतली, तर रंगाऱ्यांनी त्याचा पंपही रंगवला.

पाचव्या दिवशी दाताचे डॉक्टर घरी आले. बूट काढून, चष्मा पुसून, बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलून झाल्यावर ते मुद्द्यावर आले.

"सातवा नियम आठवतो ना?"

"तुम्हीच वाचून दाखवलात सभेत."

"आता तुमचा पूल खऱ्या पुलाशी जुळत नाही. मी स्वतः जाऊन पाहून आलो. तिकडे एकही डाग नाही. म्हणजे नियमाप्रमाणे, मला बोलायलाही जड जातंय, हे खेळणं ठरतं."

"मग?"

"एकतर तुम्ही हा रंगवून स्वच्छ करा, नाहीतर चषक परत करा. दुखणार नाही, एका मिनिटाचं काम आहे."

बायको उठली, कपाटावरून चषक काढला, आतले सुटे स्क्रू ताटलीत ओतले आणि चषक डॉक्टरांच्या हातात ठेवला. "पावती नको," ती म्हणाली.

डॉक्टर गेल्यावर मात्र तपासनीस बेचैन झाले. नियम म्हणजे नियम, असं त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. त्यांनी राखाडी रंगाची बाटली उघडली, ब्रश बुडवला आणि तिसऱ्या खांबासमोर धरला. हात पुढे जाईना. असा रंग त्यांनी पूर्वीही दिला होता, फक्त तेव्हा हातात पेन होतं. ब्रशवरचा थेंब मालधक्क्यावर पडला. त्यांनी ब्रश धुतला, चप्पल घातली आणि पुलाकडे निघाले.

सायकलवाला चिडलेला होता. "या साहेब, बघा तुमचा नवा पूल! डबा नेला, पण पाणी कुठे नेलं? रंगाच्या आत फिरतंय. हे बघा." खांबाच्या डोक्याशी रंगाला फोड आली होती, भाजल्यावर येते तशी, टपोरी आणि आतून ओली. तपासनीसांनी वर पाहिलं आणि ते पेटीकडे वळले.

"पेटी उचला," ते म्हणाले. "आत्ता. दुकान इथून हलवा."

"आता? अहो गिऱ्हाईक..."

रस्त्याच्या कडेला एक बाई सायकल घेऊन उभी होती, तिला हवा भरून हवी होती. रंग ओला होता म्हणून पंप त्या दिवशी खांबापासून लांब, उन्हात ठेवला होता. सायकलवाला तिकडे गेला. तपासनीसांनी पेटीची एक कडी धरून ती ओढायला सुरुवात केली. चार पावलं ओढली असतील नसतील, तोच मागे पोतं आपटल्यासारखा आवाज झाला. धूळ बसली तेव्हा स्टुलाच्या जागी काँक्रीटचा, दोन माणसांनाही न उचलवणारा ढलपा होता. त्याची एक बाजू कोरी करकरीत राखाडी होती. दुसऱ्या बाजूला गंज, ओल आणि वर्षानुवर्षांचा काळेपणा.

सायकलवाला धावत आला. स्टुलाचा एक पाय ढलप्याखालून बाहेर दिसत होता. त्याने तो थोडा वेळ पाहिला. मग तपासनीसांकडे वळला.

"तुम्ही दुकान हलवा म्हणालात. पडायच्या आधी म्हणालात. तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"भेग पहिल्यांदा दिसली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा मी नोकरीत होतो. त्यानंतर पाच वेळा मी सही केली, की सगळं ठीक आहे."

सायकलवाला ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं तपासनीस नंतर बायकोला म्हणाले. तो फक्त म्हणाला, "पाच वर्षं तुम्ही इथे यायचात. मी स्टूल पुसून द्यायचो. तुम्ही बसायचात." आणि त्याने उरलेली हत्यारं गोळा करायला घेतली. तपासनीस मदतीला वाकले, तर त्याने पाना त्यांच्या हातातून काढून घेतला.

पूल त्याच संध्याकाळी बंद झाला. बाहेरगावाहून तज्ज्ञ आले. त्यांनी पहिल्याच बैठकीत तड्यांचा नकाशा मागितला. कुठला तडा कुठे होता, किती लांब होता, हे कळल्याशिवाय पूल कुठे टेकू देऊन धरायचा हे ठरत नव्हतं. कारकुनाने सतरा वर्षांचे फॉर्म काढले. सतरा वेळा समाधानकारक. तज्ज्ञांनी फोटो मागितले. फोटो होते, पण ते रंगकाम पूर्ण झाल्याच्या समारंभाचे होते. तडे बघायला तज्ज्ञ पुलावर चढले, तर सगळं पुट्टीने बुजवलेलं. खात्याने आपल्या हाताने आपलाच पुरावा इतक्या सफाईने लिंपला होता की आता खात्यालाच तो सापडत नव्हता.

"एक कागद आहे," कनिष्ठ अभियंता म्हणाली. "म्हणजे कागद नाही. पण आहे."

दुसऱ्या दिवशी खात्याची गाडी तपासनीसांच्या दारात आली. ज्या उपअभियंत्यांनी अतिशयोक्तीची कबुली लिहून घेतली होती, त्यांनीच पूल गादीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन कार्यालयात नेला. तिथे त्याला आवक क्रमांक पडला. एका बाजूला गोल शिक्का मारला गेला, तो नेमका शेवाळावर. तज्ज्ञ तीन दिवस त्याच्याभोवती बसून होते. त्रेचाळीस तड्यांवर त्रेचाळीस चिठ्ठ्या लागल्या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस तडे खऱ्या पुलावर, पुट्टीच्या खाली, सांगितल्या जागी निघाले. फक्त रुंदी तेवढी सुईची होती.

मुख्य अभियंत्यांनी तपासनीसांना केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली.

"तुम्ही आपलेच," ते म्हणाले. "वरच्यांना मी कळवलंय की खात्याने दूरदृष्टीने निवृत्त कर्मचाऱ्याकडून प्रतिकृती तयार करून घेतली होती. या कागदावर एक सही करा."

तपासनीसांनी कागद वाचला, बाजूला ठेवला आणि खिशातून आपला कागद काढला. त्यावर बायकोच्या सल्ल्याने चारच ओळी लिहिल्या होत्या. तिसऱ्या खांबाची भेग मी अकरा वर्षांपूर्वी पाहिली. ती वाढत होती हे मला कळत होतं. मी पाच वेळा समाधानकारक असं लिहिलं. ते खोटं होतं.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "हे कशाला? तुम्हाला कुणी विचारलंय का?"

"नाही. कुणीच विचारलं नाही."

"मग?"

"तेच ना, साहेब. एकतीस वर्षं मी वाट बघत होतो कुणीतरी विचारेल म्हणून."

साहेबांनी कागद परत केला. आवक विभागातल्या कारकुनाने तो घेतला नाही, कारण निवृत्त माणसाने न विचारता दिलेल्या खऱ्या माहितीसाठी नोंदवहीत शीर्षकच नव्हतं. शेवटी कनिष्ठ अभियंत्याने तो घेतला आणि पुलाच्या मुख्य फाइलला 'परिशिष्ट' म्हणून टाचणीने जोडला. परिशिष्टाला कोण अडवणार? ते कुणी वाचतच नाही.

चौकशी समितीने मात्र वाचलं. सतरा फॉर्मवर सह्या करणाऱ्या माणसांपैकी बाकीच्यांनी, भेग आपल्याला दिसली नाही, असं सांगितलं, आणि न दिसल्याबद्दल कुणाला दोषी धरता येत नाही. दिसल्याचं सांगणारा एकच जण होता. तेव्हा संपूर्ण प्रकरणात एकटे तपासनीस दोषी ठरले. यापुढे खात्याच्या कोणत्याही पुलाची तपासणी करण्यास त्यांना कायमची मनाई करण्यात आली. त्यांना निवृत्त होऊन तेव्हा सहा वर्षं पूर्ण होऊन सातवं लागलं होतं. मुख्य अभियंत्यांचा दूरदृष्टीबद्दल सत्कार झाला.

मनाईचं पत्र बायकोने मोठ्याने वाचलं. "म्हणजे आता तुम्ही पुलाखालून गेलात आणि वर पाहिलंत, तर गुन्हा?"

"बहुतेक."

"मग मी बघत जाईन. मला कुणी मनाई केलेली नाही."

पुलाचं काम आठ महिने चाललं. कनिष्ठ अभियंता रोज स्वतः वर चढायची, आणि अडलं की संध्याकाळी चहाला यायची. छोटा पूल परत आला तेव्हा त्याचा कठडा मोडलेला होता आणि चिठ्ठ्या तशाच होत्या. तपासनीसांनी कठडा जोडला. चिठ्ठ्या काढायला गेले तर खालचा गंज सोबत निघायला लागला, म्हणून राहू दिल्या. दाताचे डॉक्टर एकदा येऊन चषकाबद्दल चाचपडत बोलून गेले. पूल पुन्हा जुळतोय का, हे पाहायला नियमात सोय करता येईल म्हणाले. बायकोने त्यांना सांगितलं की सुटे स्क्रू आता बरणीत ठेवतो, बरणीला झाकण आहे.

सायकलवाल्याने दुकान टपाल कार्यालयाच्या भिंतीशी नेलं होतं. तपासनीस तिकडून दोन-तीनदा गेले. तो मान वर करत नसे. चौथ्यांदा ते सायकल हातात धरून चालले होते, मागचं चाक बसलं होतं. ते मुद्दाम पलीकडच्या फुटपाथवरून निघाले होते.

"ओ साहेब," पलीकडून आवाज आला. "पंक्चर सायकल कुठे घेऊन चाललात?"

तपासनीस रस्ता ओलांडून गेले. सायकलवाल्याने सायकल उलटी केली, टायर उतरवला, ट्यूब परातीत बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहू लागला. बसायला स्टूल एकच होतं, नवं. त्यावर तो स्वतः बसला होता. तपासनीस उभे राहिले.

"अर्धा तास लागेल," तो म्हणाला. "घाई नाही ना?"

"नाही."

"मग ती परात जरा इकडे सरकवा."

तपासनीसांनी परात सरकवली.